कूल्ड कॅमेरा आणि आपली हवा : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५

१३ ऑक्टोबर २०२४, पुणे

काल दसरा झाला. गेली दोन वर्षे पुढे ढकललेला निर्णय आज लिहून ठेवत आहे. येत्या हंगामात तेजोमेघांची आणि दीर्घिकांची छायाचित्रे जुन्या डिजिटल एसएलआरने न घेता कूल्ड कॅमेऱ्याने, म्हणजे सेन्सर ठरावीक तापमानाला थंड ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने घ्यायची आहेत. खर्च लहान नाही, म्हणून त्यामागची कारणे आधी नोंदवणे मला आवश्यक वाटते.

एसएलआरच्या मूळ फायलींत प्रत्येक फ्रेमबरोबर कॅमेऱ्याचे आतील तापमान नोंदलेले असते. मागच्या मार्चमधील एका रात्रीच्या सगळ्या फायली आज पुन्हा तपासल्या. पहिल्या फ्रेमला २८ अंश होते, तासाभरात ते ३६ वर गेले आणि पहाटे हवा गार झाल्यावर ३० पर्यंत उतरले. प्रकाश नसतानाही केवळ उष्णतेने पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत राहतात. त्यालाच डार्क करंट म्हणतात, आणि तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढले की तो दुप्पट होतो. म्हणजे त्या एका रात्रीत तो दुपटीहून अधिक बदलत राहिला. झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम वजा केल्या की त्यातील ठरावीक भाग निघून जातो, पण त्यासाठी डार्क आणि आकाशाची फ्रेम या दोन्ही एकाच तापमानाच्या असाव्या लागतात. ३६ अंशांच्या फ्रेममधून ३० अंशांची डार्क वजा केली, तर तापलेले पिक्सेल लाल-निळ्या ठिपक्यांच्या रूपाने चित्रात शिल्लक राहतात. माझ्या मागच्या हंगामातील बहुतेक चित्रांत ते तसे राहिले आहेत.

दुसरे कारण हायड्रोजनचे आहे. तेजोमेघांचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर या तरंगलांबीचा असतो, आणि सर्वसाधारण छायाचित्रणासाठी बनवलेल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरचा फिल्टर त्यातला मोठा हिस्सा अडवतो. तो फिल्टर काढून घेण्याचा मार्ग आहे, पण त्यामुळे तापमानाचा प्रश्न सुटत नाही.

एक गोष्ट मला या नोंदीच्या सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवायची आहे. कूल्ड कॅमेऱ्याकडून मला गारव्यापेक्षा स्थिरता अधिक हवी आहे. रात्रभर, आणि निरनिराळ्या रात्री, सेन्सर त्याच तापमानाला राहिला, तर एकदा सावकाश घेतलेल्या डार्क फ्रेमचा संच महिनोन्‌महिने वापरता येईल आणि अमावास्येच्या मोलाच्या रात्रीचा तासभर डार्क घेण्यात जाणार नाही.

२७ ऑक्टोबर २०२४, पुणे

निवडीचा आठवडा. कॅमेऱ्यापेक्षा आधी त्यातला सेन्सर निवडावा लागतो, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बहुधा सोनीचेच सेन्सर असतात. माझी दुर्बीण ८० मिलिमीटर व्यासाची, एफ ६ गुणोत्तराची, म्हणजे ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची अपवर्तक आहे. सेन्सर तिला साजेसा हवा.

तीन सेन्सर विचारात होते. आयएमएक्स २९४ हा जुना आणि स्वस्त आहे, पिक्सेल ४.६३ मायक्रॉनचे आहेत, पण लांब एक्स्पोजरमध्ये त्याच्या कडेला अँप ग्लो दिसतो, म्हणजे सेन्सरवरील विद्युतमंडलाचीच उजळ पसरट छाया येते. योग्य डार्कने ती वजा होते, परंतु छाया वजा झाली तरी तिच्यातला नॉइज, म्हणजे पिक्सेलांतली अनियमित खरखर, चित्रात उरतोच. आयएमएक्स ५७१ उत्तम आहे : २३.५ × १५.७ मिलिमीटरचा, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, १६ बिटांचा. आयएमएक्स ५३३ हा त्याच पिढीचा आणि तेवढ्याच आकाराच्या पिक्सेलचा, पण लहान व चौरस आहे : ११.३ मिलिमीटर बाजू, ३००८ × ३००८ पिक्सेल, १४ बिट. अँप ग्लो त्यातही नाही.

२०६ या अंकाला पिक्सेलच्या मायक्रॉनने गुणून नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागले की एका पिक्सेलवर आकाशातल्या किती विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतात ते कळते. ३.७६ मायक्रॉन आणि ४८० मिलिमीटर धरले तर उत्तर १.६ विकला येते. आपल्याकडे चांगल्या रात्रीही हवेच्या चलबिचलीमुळे तारा अडीच-तीन विकलांपर्यंत पसरतो, त्यामुळे हे माप नेमके योग्य आहे. यापेक्षा बारीक पिक्सेल घेऊन अधिक तपशील मिळणार नाही, उलट प्रत्येक पिक्सेलला प्रकाश कमी मिळेल.

दोन्ही नव्या सेन्सरांचे पिक्सेल सारखेच असल्याने फरक उरतो तो क्षेत्राचा. आयएमएक्स ५३३ ला १.३५ अंशांचा चौकोन मिळतो, ५७१ ला २.८ × १.९ अंशांचा आयत. देवयानी दीर्घिका सुमारे ३ अंश लांब आहे, ती ५३३ मध्ये मावणार नाही. मृगातला एम ४२ तेजोमेघ मावेल, वृश्चिक-धनूच्या परिसरातले बरेचसे तेजोमेघ मावतील. मोठ्या सेन्सरसाठी मात्र कोपऱ्यांपर्यंत तारे गोल ठेवणारा अधिक चांगला फ्लॅटनर, मोठे फिल्टर आणि किंचितही तिरके न होणारे फोकसर हे सारे आपोआप लागते, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही. सगळा हिशेब मांडल्यावर मी ५३३ वर थांबलो आहे. देवयानीसाठी दोन किंवा तीन चौकटी जोडून मोझेक करता येईल.

रंगीत की मोनोक्रोम, यावर आमच्या गटात दोन मते पडली. ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्या ज्येष्ठ निरीक्षकांचा आग्रह मोनोक्रोमचा होता. त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे : रंगीत सेन्सरवर प्रत्येक चार पिक्सेलांपैकी एकच लाल असतो, म्हणून हायड्रोजनच्या प्रकाशासाठी सेन्सरचा पाव भागच कामाला येतो, तर मोनोक्रोममध्ये सगळे पिक्सेल राबतात. तरीही मी रंगीत निवडत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा, ऑक्टोबरचा बराचसा भाग ढगाळ, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस वगळायचे, आणि उरलेल्यांतून नोकरी सांभाळून शनिवार गाठायचे. अशा वर्षाकाठी जेमतेम १०-१२ रात्री गावाबाहेर जाता येते. एखाद्या रात्री मध्येच ढग आले तर रंगीत कॅमेऱ्याने तोवर घेतलेले सगळे वापरता येते. मोनोक्रोममध्ये लाल आणि हिरवे झाले व निळे राहिले, तर चित्र पुढच्या महिन्यापर्यंत अपुरे पडून राहते.

१० नोव्हेंबर २०२४, पुणे

कॅमेरा आला. बाहेर दिवाळीनंतरचा धूर अजून पुरता निवळलेला नाही, त्यामुळे आजचा दिवस घरातल्या चाचण्यांना दिला.

थंड करण्याची रचना साधी आहे. सेन्सरच्या मागे पेल्टिए पट्टी असते. १८३४ मध्ये जाँ पेल्टिए यांनी दाखवले की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. आजच्या पट्टीत धातूंच्या जागी अर्धवाहक असतात, पण तत्त्व तेच आहे. तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर टाकतो. या रचनेतूनच तिची मर्यादा येते : कूलर सेन्सरला एखाद्या निश्चित तापमानाला नेत नाही, तो त्याला भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश खाली नेतो. माझ्या कॅमेऱ्यासाठी हा फरक ३५ अंश सांगितलेला आहे.

खोलीत आज २७ अंश होते. सेट पॉइंट, म्हणजे कूलरला गाठायला सांगितलेले तापमान, उणे १० ठेवला आणि संगणकावर कूलरची ताकद पाहत बसलो. उणे ५ पर्यंत तो काही मिनिटांत गेला, मग ताकद १०० टक्क्यांवर पोहोचली आणि तापमान उणे ८ च्या आसपास घुटमळत राहिले. यात कॅमेऱ्याचा दोष काहीच नाही. मी ३७ अंशांचा फरक मागत होतो. सेट पॉइंट उणे ३ केल्यावर ताकद ७५ टक्क्यांवर आली आणि त्यानंतर तापमान दशांशानेही हलले नाही. ताकद १०० टक्क्यांवर असते तेव्हा कूलरकडे शिल्लक काहीच राहत नाही, आणि हवा अर्ध्या अंशाने तापली की सेन्सरही तापतो. म्हणजे ज्या स्थिरतेसाठी एवढा खर्च केला तीच हातची जाते. सेट पॉइंट ठरवताना संध्याकाळच्या सर्वांत उष्ण तासाला ताकद ७०-७५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा नियम आजपासून पाळायचा आहे.

दुसरी चाचणी डार्क फ्रेमची होती, आणि तिने वेगळाच प्रश्न पुढे आणला. १८० सेकंदांच्या पहिल्या डार्कमध्ये एका कोपऱ्यातून उजेड पसरलेला दिसला. खोलीत दिवा चालू होता आणि खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. या सेन्सरसमोरची काच साधी आहे, ती अवरक्त प्रकाश अडवत नाही, आणि काळे प्लॅस्टिक डोळ्यांना अपारदर्शक दिसले तरी अवरक्त प्रकाश त्यातून काही प्रमाणात आरपार जातो. झाकणावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दोन पदरी गुंडाळून, कॅमेरा कपाटात ठेवून, पुन्हा फ्रेम घेतल्यावर चौकट सगळीकडे सारखी आली. याच कारणाने दुर्बिणीवर अवरक्त व अतिनील प्रकाश अडवणारा फिल्टरही लागणार आहे, अन्यथा भिंगांतून तो प्रकाश वेगळ्या ठिकाणी एकवटून ताऱ्यांभोवती फुगवटा येईल.

३० नोव्हेंबर २०२४, वेल्हे परिसर

उद्या अमावास्या. तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका परिचितांच्या शेतावर मांडणी केली. ईशान्येला पुण्याचा उजेड क्षितिजावर घुमटासारखा चढलेला दिसतो, पण दक्षिण आणि पश्चिम अजून खऱ्या अर्थाने अंधारी आहेत.

फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ५५ मिलिमीटर हवे असते. कॅमेऱ्यातले १७.५, जोडकड्यांचे २१ आणि १६.५ असे मिळून ते बरोबर भरते. फिल्टरच्या काचेमुळे प्रकाशाचा मार्ग काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने लांबतो, म्हणून २ मिलिमीटर जाडीच्या फिल्टरसाठी आणखी ०.७ मिलिमीटरची पातळ चकती घातली. कोपऱ्यातले तारे गोल आले.

हवा १३ अंश होती, सेट पॉइंट उणे १०, कूलरची ताकद अवघी ४५ टक्के. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ दीर्घिका साडेनऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर होती. तिच्या १२० सेकंदांच्या ६४ फ्रेम निर्वेध मिळाल्या. पावणेबाराला एम ४२ कडे वळलो आणि त्याच्या ७० फ्रेम घेतल्या.

१ डिसेंबर २०२४, पुणे

रात्रीच्या फायली तपासताना एम ४२ च्या पहिल्या ४६ फ्रेम स्वच्छ आणि नंतरच्या २४ फ्रेम ठिपक्यांनी भरलेल्या आढळल्या. प्रत्येक फिट्स फायलीच्या शीर्षात सेन्सरचे तापमान नोंदलेले असते. ते पाहिल्यावर उलगडा झाला : रात्री १ वाजून २० मिनिटांनंतर ते उणे १० वरून चढत चढत अधिक १७ पर्यंत गेले होते, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही वर. कूलर बंद पडला होता आणि छायाचित्रण मात्र चालूच राहिले होते. या प्रकारच्या कॅमेऱ्यात सेन्सरला वीज यूएसबीतून मिळते, तर कूलरला स्वतंत्र १२ व्होल्टच्या वायरीतून. त्यामुळे ती वायर मेली तरी फ्रेम येत राहतात आणि पडद्यावर वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही.

कारण शोधायला दुपार गेली. जुन्या लेड ॲसिड बॅटरीतून माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार), ड्यू हीटर (भिंगावर दव बसू न देणारी गरम पट्टी) आणि कूलर अशा तिघांना मी ०.५ चौरस मिलिमीटरच्या एकाच ३ मीटर लांब वायरीने वीज देत होतो. तांब्याच्या अशा वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.२ ओहम होतो. ५ अँपिअर वाहिले की १ व्होल्ट वायरीतच संपतो. मध्यरात्रीनंतर बॅटरी ११.९ पर्यंत उतरली तेव्हा कॅमेऱ्याला १०.९ च मिळत होते. आता घरातल्या प्लगना वापरतात तशी २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली आहे, आणि कूलरला बॅटरीपासून स्वतंत्र वायर दिली आहे. बॅटरीही बदलणार आहे : ३० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, जिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. ५ अँपिअरने ती ६ तास पुरेल.

कॅमेरा चालवणाऱ्या निना या संगणक प्रणालीत तापमान सेट पॉइंटपासून सरकले की क्रम थांबवण्याची सोय करता येते. ती आजच लावून ठेवली.

८ डिसेंबर २०२४, पुणे

फ्लॅट फ्रेमचा दिवस. फ्लॅट म्हणजे सारख्या उजळ पृष्ठभागाची फ्रेम; तिने आकाशाच्या फ्रेमला भागले की धुळीच्या खुणा आणि कडांचा काळोख निघून जातो. एम ३३ च्या चित्रात फिल्टरवरील धुळीची तीन वलये आणि कडांचा काळोख राहिला, कारण शेतावर घेतलेले फ्लॅट एलईडी पॅनेलवर १/५०० सेकंदाचे होते. इतक्या लहान एक्स्पोजरमध्ये पॅनेलची लुकलुक पट्ट्यांच्या रूपात उतरते. पॅनेलवर पांढऱ्या कागदाचे चार थर चढवून एक्स्पोजर २ सेकंदांपर्यंत वाढवले आणि उजेडाची पातळी १६ बिटांच्या मापात ३०,००० च्या आसपास ठेवली. पट्ट्या गेल्या. फ्लॅटमधून वजा करण्यासाठी बायस (शक्य तितक्या लहान एक्स्पोजरची अंधारी फ्रेम) न वापरता तेवढ्याच २ सेकंदांचे डार्क घेतले, कारण माझ्या कॅमेऱ्यातल्यासारख्या सीमॉस सेन्सरच्या अतिलहान एक्स्पोजरची वर्तणूक भरवशाची नसते.

कॅमेरा न हलवता, फोकस न बदलता, पहाटे तिथल्या तिथे फ्लॅट घ्यायचे. घरी येऊन घ्यायचे नाहीत. धुळीचा कण वलयाच्या नेमक्या त्याच जागी असेल तरच भागाकार बरोबर येतो.

२५ जानेवारी २०२५, कोथरूड, घराची गच्ची

आज गावाबाहेर न जाता गच्चीवरूनच काम केले, कारण मला एक मोजमाप करायचे होते : शहरात आणि अंधाऱ्या जागी एक्स्पोजर किती सेकंदांचे असावे?

कॅमेरा प्रत्येक फ्रेम वाचताना थोडा नॉइज मिसळतो, त्याला रीड नॉइज म्हणतात. फ्रेम कितीही लांब असो, तो एकदाच मिसळतो. दुसरीकडे आकाशाचा स्वतःचा उजेड सेकंदासेकंदाला साठतो आणि त्याचाही नॉइज असतो. आकाशातून जमलेले इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट झाले, की रीड नॉइजमुळे होणारे नुकसान ५ टक्क्यांच्या आत येते, आणि त्यापुढे एक्स्पोजर लांबवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

माझ्या सेन्सरमध्ये गेन (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा आकडा) १०० ला ठेवला की अंतर्गत मांडणी बदलते आणि रीड नॉइज १.५ इलेक्ट्रॉनपर्यंत उतरतो. गेन ० ला तो ३.८ असतो. दीडचा वर्ग २.२५, त्याच्या दहापट २२.५. म्हणजे आकाशातून साडेबावीस इलेक्ट्रॉन जमले की पुरे. गेन ० ला हाच आकडा १४४ वर जातो. या मोबदल्यात गेन १०० ला पिक्सेलची क्षमता ५०,००० वरून सुमारे १६,००० वर येते, पण एम ४२ चे केंद्र सोडले तर मला ती कुठेही अपुरी पडलेली नाही. त्या केंद्रासाठी १० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. गच्चीवरच्या ६० सेकंदांच्या साध्या फ्रेममधील हिरव्या पिक्सेलांचा मध्यक, तेवढ्याच डार्कच्या मध्यकापेक्षा ७२० ने जास्त होता. १४ बिटांचे आकडे १६ बिटांत मांडताना ४ ने गुणलेले असतात, म्हणून ४ ने भागून १८०. गेन १०० ला एक अंक म्हणजे एक इलेक्ट्रॉन, म्हणून सेकंदाला ३ इलेक्ट्रॉन. साडेबावीसला तीनने भागले की साडेसात सेकंद! वेल्ह्याच्या १२० सेकंदांच्या फ्रेमवर हीच रीत लावली तर सेकंदाला ०.२५ इलेक्ट्रॉन आणि ९० सेकंद हे उत्तर मिळते. कोथरूडचे आकाश वेल्ह्याच्या बारापट उजळ आहे, हे इतक्या उघड आकड्यांत समोर आल्यावर मी काही वेळ काम थांबवून नुसता बसून राहिलो. हा सगळा उजेड वर आकाशात फुकट गेलेला आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती तिथल्या गावांतले दिवे खाली वळवण्याच्या कामामुळेही मिळाली. तसे काम पश्चिम घाटाच्या पायथ्याला व्हावे असे मनापासून वाटते.

शहरातून मार्ग निघतो तो दुहेरी अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने, जो हायड्रोजनचा ६५६.३ आणि दोनदा आयनीभूत ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा आत सोडतो. त्यातून आकाशाचा उजेड सेकंदाला ०.१२ इलेक्ट्रॉनवर आला, म्हणजे गरज १८८ सेकंदांची. २४० सेकंद ठरवून शृंगाश्वातल्या रोझेट तेजोमेघाच्या ६२ फ्रेम घेतल्या. तो पावणेअकराला मध्यमंडलावर, ७६ अंश उंचीवर होता. सुमारे १.३ अंशांचा हा तेजोमेघ माझ्या चौकटीत काठोकाठ बसला. फ्रेमिंग करताना आधी दोन चाचणी फ्रेम घेऊन प्लेट सॉल्व्ह, म्हणजे ताऱ्यांवरून चौकटीची नेमकी दिशा ओळखण्याचे काम, केले नसते तर एक बाजू कापली गेली असती.

सिरिल या संगणक प्रणालीत स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकमेकींवर जुळवून एकत्र केल्यावर, मध्यभागीचा निळसर ऑक्सिजन आणि भोवतालचा लाल हायड्रोजन वेगळे दिसले. शहराच्या मध्यातून हे मिळाले याचा फार आनंद आहे.

१ मार्च २०२५, वेल्हे परिसर

सिंह राशीतील तीन दीर्घिका : एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८. हवा संध्याकाळी २४ अंश. उणे १० ला ३४ अंशांचा फरक लागला असता, म्हणून सुरुवातीलाच उणे ५ ठेवले. ताकद ६८ टक्के. मध्यरात्रीनंतर हवा १७ वर आली, तरी सेट पॉइंट बदलला नाही. एका रात्रीत दोन तापमानांच्या फ्रेम नकोत.

१२० सेकंदांच्या ११० फ्रेम. पीएचडी प्रणालीतून गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सतत दुरुस्त करणे, चांगले चालले, तरीही फ्रेमगणिक चौकट एका दिशेने अगदी सावकाश सरकत गेली. स्टॅक ताणून पाहिल्यावर पार्श्वभूमीवर पावसाच्या तिरप्या रेषांसारखी नक्षी दिसली. डार्क वजा केल्यानंतरही पिक्सेलागणिक जो बारीक फरक उरतो, तो फ्रेम ताऱ्यांवर जुळवताना अशा रेषांत ओढला जातो. यावर उपाय डिथरिंगचा : दर तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल कोणत्याही दिशेने जाणूनबुजून हलवायची, म्हणजे तो उरलेला फरक विखुरतो. वेळ वाचवण्यासाठी मी आज ते बंद ठेवले होते. एनजीसी ३६२८ ची अंधूक लांब शेपटी या रेषांखाली हरवली. पुन्हा घ्यावी लागेल.

२६ एप्रिल २०२५, वेल्हे परिसर

या प्रकल्पातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी रात्र. रात्री साडेआठला ३१ अंश. उणे ५ ला ३६ अंशांचा फरक हवा, तो शक्यच नाही. सेट पॉइंट ०, ताकद ८२ टक्के, म्हणजे माझ्याच नियमाबाहेर. तासाभराने हवा थोडी उतरल्यावर ती ७४ झाली आणि मगच पहिली फ्रेम घेतली.

ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पावणेबाराच्या सुमारास दक्षिणेला २४ अंश उंचीवर येतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो क्षितिजावर दिसतच नाही. आपल्या अक्षांशाचे हे भाग्य आहे. ६० सेकंदांच्या ८० फ्रेम. दीड वाजल्यापासून पहाटे पावणेपाचपर्यंत धनूतले एम ८ आणि एम २० हे दोन्ही तेजोमेघ, दोघांमधले अंतर दीड अंशाच्या आसपास असल्यामुळे दोन चौकटींत.

घरी परतल्यावर ० आणि उणे १० या दोन्ही तापमानांचे १२० सेकंदांचे डार्क संच एकमेकांशी ताडून पाहिले. दहा अंशांत डार्क करंट जवळजवळ तिप्पट झाला आहे, हे खरेच. पण ० अंशालाही तो वेल्ह्याच्या आकाशाच्या उजेडाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका आहे. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांच्या काळात उणे २० चा आग्रह सकारण होता, कारण त्यांचा डार्क करंट मोठा आणि एक्स्पोजर दहा-दहा मिनिटांचे असे. आजच्या सेन्सरवर, दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये, रंगीत चित्रासाठी ० आणि उणे १० यांतला फरक आकाशाच्या नॉइजमध्ये बुडून जातो. बुडत नाही ती अस्थिरता. ० ला घट्ट धरून ठेवलेल्या आजच्या फ्रेम ३० नोव्हेंबरच्या त्या शेवटच्या २४ फ्रेमपेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि उणे १० च्या पहिल्या ४६ फ्रेमपेक्षा उण्या नाहीत.

म्हणून यापुढे दोनच सेट पॉइंट : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उणे १०, मार्चपासून ०. उणे ५ चा संच मोडीत. प्रत्येक तापमानाला १२० आणि २४० सेकंदांचे प्रत्येकी ५० डार्क.

२७ मे २०२५, पुणे

मोसमी पाऊस काल मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. मे महिन्यातली अमावास्या आजच आहे आणि आकाश गेला आठवडाभर दिसलेले नाही. हंगाम बंद करत आहे.

शेवटच्या वेळी कॅमेरा चालू केला तेव्हा उणे तापमानाला चित्राच्या मध्यभागी धूसर, फांद्यांसारखी आकृती दिसली. सेन्सरच्या बंद कप्प्यात शिरलेली बाष्पे गार सेन्सरवर गोठली होती. कप्प्याच्या कडेला ओलावा शोषणाऱ्या गोळ्या असतात. हवा कोरडी असेपर्यंत त्या पुरतात, आपल्याकडे मेच्या अखेरीस पुरत नाहीत. गोळ्या काढून, मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवून, त्या गरम असतानाच परत बसवल्या आणि झाकण लगेच बंद केले. एक दिवस तसाच ठेवून आज ० ला चाचणी घेतली, आकृती नाही.

कॅमेरा, फ्लॅटनर आणि दोन्ही फिल्टर आता रबराची कड असलेल्या हवाबंद डब्यात आहेत. सोबत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवला आहे. बाहेर ८८ टक्के, डब्यात दोन तासांनी ३४. दाणे गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. दर रविवारी पाहायचे. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून अर्धा तास चालवायचा, पण थंड न करता.

सप्टेंबरमधील कामे : ० अंशाचे २४० सेकंदांचे डार्क राहिले आहेत; एनजीसी ३६२८ साठी फेब्रुवारीची अमावास्या राखून ठेवायची; देवयानीच्या तीन चौकटींचा आराखडा काढायचा.